भूतापीय साठ्याचा दाब आणि वाढते वीजउत्पादन : तातापानीच्या निमित्ताने

१. विषयाची मांडणी

भिलाई हे नाव पोलादाशी जोडलेले आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि कारखान्याच्या बाजूला क्रमांकांनी ओळखली जाणारी सेक्टरांची वसाहत वाढत गेली. सेक्टर ६ हा तिचाच एक भाग. मराठी, हिंदी, छत्तीसगढी, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा अनेक भाषा बोलणारी कुटुंबे येथे शेजारीशेजारी राहत आली आहेत. अशा वसाहतीत पाण्याविषयीची एक कल्पना सर्वांच्या मनात सारखीच असते. कुठेतरी एक जलाशय आहे, तो पावसाने आणि कालव्याने भरतो, त्यातून नळाला पाणी येते. जलाशयात पाणी आहे तोवर चिंता नाही.

याच राज्याच्या उत्तर टोकाला, बलरामपूर जिल्ह्यात, तातापानी नावाचे उष्ण झऱ्यांचे स्थान आहे. तेथील गरम पाण्यापासून वीज निर्माण करण्याचा विचार गेली काही दशके चालू आहे. या पाण्याच्या भूगर्भातील साठ्यालाही इंग्रजीत ‘रिझर्व्हायर’ असेच म्हणतात. धरणामागच्या जलाशयाला आणि खडकातील तप्त पाण्याच्या साठ्याला एकच शब्द वापरला गेल्यामुळे एका वस्तूचे गुणधर्म दुसरीवर लादले जातात. त्यात भर म्हणून भूतापीय ऊर्जेची गणना ‘अक्षय’ ऊर्जेत होते. ‘जलाशय’ आणि ‘अक्षय’ हे दोन शब्द एकत्र आले की न आटणाऱ्या तळ्याचे चित्र आपोआप तयार होते.

वीजकेंद्राचे उत्पादन वाढवले असता भूतापीय साठ्याचा दाब कसा बदलतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा प्रश्न अभियांत्रिकीचा असला तरी त्याचे एक टोक तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांच्या हाती आहे. साठ्यातील दाब उतरतो तेव्हा त्याचा पहिला उघड परिणाम बहुधा पृष्ठभागावरील झऱ्यांवर होतो; आणि झरे हाच साठ्याचा असा भाग आहे, ज्याला लोकांनी नावे दिली, ज्याभोवती कथा रचल्या आणि यात्रा भरवल्या.

२. तातापानी : नाव आणि स्थान

संस्कृत ‘तप्त’ या शब्दापासून प्राकृतात ‘तत्त’ आणि पुढे हिंदीत ‘ताता’ हे रूप झाले. तातापानी म्हणजे तापलेले पाणी. हिमाचल प्रदेशात सतलजच्या काठी असलेल्या उष्ण झऱ्यांचे ‘तत्तापानी’ हे नावही याच मुळाचे. मराठीने दुसरे मूळ निवडले. ‘उष्ण’पासून प्राकृत ‘उण्ह’ आणि त्यापासून ‘ऊन’, ‘उन्ह’ ही रूपे आली. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात. राजापूरजवळचे उन्हाळे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे आणि खानदेशातील उनपदेव ही सारी नावे त्याच घराण्यातील. गाव आणि झरा यांचे नाव एकच असणे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

तातापानी हे सोन-नर्मदा-तापी या मोठ्या भूभंग-पट्ट्यावर वसलेले आहे. येथे ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल झिरपते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांच्या वाटेने वर येते. पृष्ठभागावरील झऱ्यांचे तापमान काही ठिकाणी ९८ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे जवळपास उत्कलनबिंदूपर्यंत पोहोचलेले नोंदले गेले आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेने येथे १०० ते ६२० मीटर खोलीच्या २६ विंधनविहिरी खोदल्या. त्यांतील पाच विहिरी उत्पादक ठरल्या. त्यांतून पंपाविना, आपल्याच दाबाने, सुमारे ११२ अंश तापमानाच्या साठ्यातील पाणी वर येते. पाचही विहिरींचा एकत्रित विसर्ग मिनिटाला सुमारे १८०० लिटर मानला गेला आणि त्यावर ३०० किलोवॅटच्या छोट्या केंद्राची कल्पना मांडली गेली. पुढे २०१३ साली राष्ट्रीय औष्णिक विद्युत निगम (एनटीपीसी) आणि छत्तीसगढ शासनाचे अक्षय ऊर्जा अभिकरण यांच्यात तातापानीसाठी सामंजस्य करार झाला. मात्र त्यातून व्यापारी वीजकेंद्र उभे राहिले नाही. झरे आपल्या जागी आहेत आणि मकरसंक्रांतीला तेथे मोठा मेळा भरतो.

३०० किलोवॅट हा आकडा कोठून येतो, हे पाहणे उद्बोधक आहे. मिनिटाला १८०० लिटर म्हणजे सेकंदाला ३० लिटर. एक लिटर पाणी एका अंशाने निवले की सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता मिळते. १०० अंशांचे पाणी ७० अंशांपर्यंत निववले तर सेकंदाला ३० लिटर पाण्यातून सुमारे ३८०० किलोवॅट इतकी उष्णता हाती येते. परंतु इतक्या कमी तापमानाच्या उष्णतेपैकी जेमतेम आठ टक्के भागाचेच विजेत रूपांतर होऊ शकते. म्हणजे उरतात सुमारे ३०० किलोवॅट. अशा पाण्यासाठी कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव वापरून टर्बाइन फिरवावे लागते. हे तंत्र नवे नाही. ज्या सोव्हिएत संघाने भिलाईचा कारखाना उभारण्यास मदत केली, त्याच देशाने १९६७ साली कामचात्कातील पारातुंका येथे ८१ अंशांच्या पाण्यावर असे केंद्र चालवून दाखवले होते. या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते. वीज दुप्पट हवी असेल तर पाणीही दुप्पट काढावे लागते. मग साठा त्याला कसे उत्तर देतो?

३. साठा म्हणजे काय

भूतापीय साठा म्हणजे भुयारातील तळे, ही समजूत प्रथम बाजूला सारली पाहिजे. साठा असतो तो खडकाचा. त्या खडकात सूक्ष्म छिद्रे आणि भेगा असतात व त्यांत पाणी किंवा वाफ भरलेली असते. साठ्यातील उष्णतेचा बहुतांश भाग, बहुतेक ठिकाणी ऐंशी-नव्वद टक्के, खडकातच असतो. पाणी हे ती उष्णता वर आणणारे वाहन आहे.

म्हणून येथे तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात : उष्णता, पाणी आणि दाब. उष्णता प्रचंड आणि मंद आहे. खडक निवायला अनेक दशके लागतात. पाणी मर्यादित आहे आणि त्याची भरपाई बाहेरून होते. दाब हा तिन्हींपैकी सर्वांत चपळ. विहीर सुरू करताच त्याचा बदल खडकात पसरू लागतो आणि काही तासांत किंवा दिवसांत शेजारच्या विहिरीत मोजता येतो. उष्णता अक्षय भासत असतानाच दाब खालावलेला असू शकतो. वीजकेंद्र तर दाबावरच चालते, कारण साठ्यातील दाब आणि विहिरीतील दाब यांमधील फरकामुळेच पाणी विहिरीकडे वाहते. हा फरक घटला की उष्णता शिल्लक असूनही विहिरीचा विसर्ग कमी होतो.

४. दाब कसा उतरतो

दाबाचा उतार समजण्यासाठी सेक्टर ६ सारख्या वसाहतीतील नळाचे उदाहरण पुरेसे आहे. पाण्याची उंच टाकी भरलेली आहे आणि एकाच घरातील नळ सोडलेला आहे. धार जोरात पडते. ठरलेल्या वेळी साऱ्या घरांतील नळ एकदम सुटले की टोकाच्या घरातील धार बारीक होते आणि वरच्या मजल्यावर पाणी चढतच नाही. टाकीतील पाणी संपलेले नसते. नळातून पाणी वाहण्याचा वेग वाढल्यामुळे वाटेतील घर्षणात अधिक दाब खर्च होतो, एवढेच. वरचा मजला ही या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक जागा असते. भूतापीय साठ्यात ती जागा नैसर्गिक झऱ्याची असते, कारण झरा हे साठ्याचे सर्वांत वरचे तोंड आहे.

खडकात वाट अधिक अरुंद असते. वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचा वेग हा दाबाच्या उताराच्या प्रमाणात असतो, हा नियम हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासंबंधीच्या ग्रंथात मांडला. एका विहिरीतून ठरावीक वेगाने पाणी उपसले तर भोवतीचा दाब काळानुसार कसा उतरतो, याचे सूत्र सी. व्ही. थाइस यांनी १९३५ साली दिले. गरम पाण्याच्या साठ्यालाही, पाणी जोवर द्रवरूपात आहे तोवर, हीच तत्त्वे लागू पडतात. त्यांचा सारांश तीन विधानांत सांगता येतो.

पहिले, दाबाची घट ही उपशाच्या वेगाच्या प्रमाणात असते. उपसा दुप्पट केला तर तितक्याच काळात होणारी घटही दुप्पट होते.

दुसरे, एका साठ्यातील विहिरी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. प्रत्येक विहिरीमुळे होणारी घट सर्व साठ्यात पसरते आणि या साऱ्या घटींची बेरीज होते. उत्पादन खाली आले म्हणून नवी विहीर खोदली तर तिच्या वाट्याचे पाणी अंशतः जुन्या विहिरींच्याच वाट्यातून येते.

तिसरे, घट कोठे थांबते हे साठ्याच्या सीमांवर अवलंबून असते. चोहोबाजूंनी बंद असलेल्या साठ्यात दाब थांबत नाही. उपसा सुरू आहे तोवर तो समान गतीने उतरत राहतो. साठा बाजूंनी किंवा खालून खुला असेल तर दाब जितका उतरेल तितके बाहेरचे पाणी आत खेचले जाते. हे पुनर्भरण उपशाइतके झाले की दाब नव्या, खालच्या पातळीवर स्थिरावतो. उपसा पुन्हा वाढवला की तो पुन्हा उतरू लागतो आणि त्याहून खालच्या पातळीवर स्थिरावतो, किंवा पुनर्भरणाची मर्यादा ओलांडली गेल्यास स्थिरावतच नाही.

‘साठ्यात एकूण किती आहे’ या प्रश्नाला याच कारणाने अपुरे उत्तर मिळते. ‘किती वेगाने काढले तर दाब कोठे स्थिरावेल’ हा खरा प्रश्न आहे. ‘अक्षय’ हा शब्द पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि दुसरा प्रश्न झाकून टाकतो.

५. तीन ठिकाणचा अनुभव

तातापानीत दीर्घकाळ मोठा उपसा झालेला नाही, त्यामुळे तेथील साठा कसे उत्तर देईल याचे अनुमान इतरत्र आलेल्या अनुभवांवरून करावे लागते.

तापमानाच्या दृष्टीने तातापानीला जवळचे उदाहरण आइसलंडची राजधानी रेक्याविक येथील लाउगारनेस या क्षेत्राचे आहे. नावातील ‘लाउग’ म्हणजे उष्ण पाण्याचे कुंड. ‘उन्हवरे’ आणि ‘लाउगारनेस’ ही एकाच जातीची नावे. येथील झऱ्यांवर शहरातील बायका पूर्वी कपडे धूत. १९३० पासून येथील पाणी घरे उबदार ठेवण्यासाठी वापरले जाऊ लागले. सुरुवातीस साठ्याचा दाब पृष्ठभागावर सहा ते सात बार होता. दहा मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे एक बार असतो. म्हणजे नळी उभी केली असती तर पाणी जमिनीच्या वर साठ-सत्तर मीटर चढले असते. १९६० नंतर पंप बसवून उपसा अनेक पटींनी वाढवण्यात आला. पाण्याची पातळी जमिनीखाली खोल गेली आणि तेथे काही काळाने स्थिरावली. १९९० नंतर शहराला दुसऱ्या केंद्राचे गरम पाणी मिळू लागले, येथील उपसा कमी झाला आणि पातळी पुन्हा वर आली. हे तिसऱ्या विधानाचे स्वच्छ उदाहरण होय. साठा टिकला, परंतु स्वतःहून वाहणारे कुंड आणि पंपाने उपसावी लागणारी विहीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाब स्थिरावला तो झऱ्याच्या पातळीच्या खाली.

दुसरे उदाहरण न्यूझीलंडमधील वायराकेईचे. येथे १९५८ साली वीजनिर्मिती सुरू झाली. वाफेऐवजी मुख्यतः तप्त पाण्याच्या साठ्यावर चालणारे हे जगातील पहिले मोठे केंद्र. उत्पादन झपाट्याने वाढवले गेले आणि वर काढलेले पाणी दीर्घकाळ नदीत सोडले गेले. खोल साठ्यातील दाब सुमारे २५ बारने उतरला आणि मग स्थिरावला. दरम्यान प्रवाशांना आकर्षित करणारे ‘गीझर व्हॅली’तील फवारे व झरे बंद पडले. काही भागांत जमीन हळूहळू खचत गेली आणि एका ठिकाणी ही खचण सुमारे १५ मीटरपर्यंत पोहोचली. दाब उतरल्याचा एक उलटा वाटणारा परिणामही येथे दिसला. पाण्यावरील दाब कमी झाला की ते कमी तापमानाला उकळते. त्यामुळे साठ्याच्या वरच्या भागात वाफेचा थर तयार झाला आणि जवळच्या कारापिती भागातील वाफेची विवरे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक जोराने धुमसू लागली. एकाच साठ्यातील एका दरीतले झरे गेले आणि दुसऱ्या टेकडीवर वाफ वाढली. केवळ कारापितीकडे पाहणाऱ्याला साठा बलवान झाल्याचाच भास झाला असता.

तिसरे उदाहरण कॅलिफोर्नियातील ‘द गीझर्स’चे. नाव फवाऱ्यांचे असले तरी हा कोरड्या वाफेचा साठा आहे. १९६० साली ११ मेगावॅटच्या केंद्राने येथे प्रारंभ झाला. १९८० नंतर अनेक कंपन्यांनी स्वतंत्रपणे केंद्रे उभारली आणि १९८७ च्या सुमारास उत्पादन सुमारे १५०० मेगावॅटच्या शिखरावर पोहोचले. प्रत्येक कंपनीची जमीन वेगळी होती, खालचा साठा मात्र एक होता. दाब वेगाने उतरला आणि नव्या विहिरी खोदूनही उत्पादन सावरले नाही. खडक अजून तप्त होता. आटले होते ते पाणी. ‘अक्षय’ म्हणवली जाणारी उष्णता पायाखाली असताना टर्बाइने अर्धी रिकामी फिरू लागली, कारण उष्णतेचे वाहनच संपत आले होते.

६. पाणी परत देणे

या अनुभवांतून पुनःक्षेपणाची पद्धत रुजली. उष्णता काढून घेतलेले पाणी वेगळ्या विहिरीतून पुन्हा खडकात सोडायचे, म्हणजे दाब टिकतो आणि तेच पाणी खडकातील उष्णता घेऊन पुन्हा वर येते. ‘द गीझर्स’मध्ये १९९७ पासून लेक परगण्यातील आणि २००३ पासून सांता रोझा शहरातील शुद्ध केलेले सांडपाणी नळांनी आणून साठ्यात सोडले जाते. त्यामुळे घसरण मंदावली.

मात्र पुनःक्षेपण म्हणजे हिशेब शून्यावर आणणे, असे समजणे चुकीचे ठरेल. परत सोडलेले पाणी निवलेले असते. ते फार जवळ सोडले आणि भेगांतून थेट उत्पादक विहिरीकडे धावले तर दाब टिकतो, पण विहीर थंड होते. फार दूर सोडले तर उष्णता टिकते, पण दाबाला आधार मिळत नाही. शिवाय खडकातील छिद्रांमधला दाब बदलला की भूभंग सरकू शकतात. ‘द गीझर्स’मध्ये सोडलेल्या पाण्याबरोबर छोट्या भूकंपांची संख्या वाढल्याचे दिसले आहे. जलाशय आणि खडकातील दाब यांचा संबंध महाराष्ट्राला परका नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर धरणाच्या पाण्यामुळे खोल भेगांतील दाबात होणाऱ्या बदलांचा प्रश्न येथील विज्ञानविचारात कायमचा आला. पृष्ठभागावरील पाणी आणि खोल खडक परस्परांना ‘ऐकतात’, हे तेथे अनुभवाला आले.

तातापानीच्या संदर्भात याचा अर्थ असा की, ३०० किलोवॅटचे केंद्र सेकंदाला ३० लिटर पाणी काढून ते परत सोडणार असेल तर दाबाची घट मर्यादित राहू शकते. परंतु तेच केंद्र पुढे दहापट करायचे ठरले, तर पहिल्या पाच विहिरींवरील चाचण्या पुरेशा पुरावा ठरत नाहीत. लहान उपशाला साठ्याने दिलेले उत्तर मोठ्या उपशाच्या वेळी जसेच्या तसे मिळत नाही, कारण मोठी घट अधिक दूरच्या सीमांपर्यंत पोहोचते आणि त्या सीमा बंद आहेत की खुल्या, हे तोवर उघड झालेले नसते. म्हणूनच उत्पादन टप्प्याटप्प्याने वाढवणे आणि प्रत्येक टप्प्यावर काही वर्षे दाब नोंदवणे, ही रीत या क्षेत्रात मान्य झाली आहे.

७. झऱ्यांच्या कथा आणि साठ्याची एकता

झरे कसे निर्माण झाले हे सांगणाऱ्या कथा भारतात विपुल आहेत. तानसा नदीकाठच्या वज्रेश्वरी-अकलोली परिसरातील उष्ण कुंडे देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्तातून झाली, असे तेथील परंपरा सांगते. उनपदेवच्या झऱ्याची कथा रामाने शरभंग ऋषींसाठी बाण मारून गरम पाणी काढल्याची आहे. या कथांत एक समान रचना आहे. एक घटना घडते, एक जागा फुटते, पाणी येते आणि ते सतत येत राहते. प्रत्येक कुंडाला आपला स्वतंत्र उगम असतो. पाण्याचा दाता दैवी असल्यामुळे ते कमी होण्याचा प्रश्न कथेच्या कक्षेत येत नाही.

राजापूरच्या गंगेची परंपरा याहून वेगळी आहे. हे पाणी कधी प्रकट होते, काही काळ कुंडांतून वाहते आणि लुप्त होते. ‘गंगा आली’ आणि ‘गंगा गेली’ ही दोन्ही वाक्ये तेथील भाषेत सारख्याच सहजतेने येतात. झरा ही वस्तू नसून अवस्था आहे, खालची परिस्थिती जुळली तर ती प्रकटते, ही जाणीव या भाषावापरात आहे.

तुलनेसाठी माओरी परंपरेतील नगातोरोइरांगी याची कथा घ्यावी. ते अरावा जमातीचा हा पुरोहित तोंगारिरो पर्वतावर थंडीने गारठतो आणि दूर हवाइकी येथील आपल्या बहिणींना अग्नी पाठवण्यासाठी हाक मारतो. अग्नी समुद्राखालून आणि जमिनीखालून प्रवास करीत येतो. वाटेत जेथे जेथे तो वर डोकावतो, तेथे तेथे आजची उष्ण स्थाने आहेत : फाकारी बेट, रोतोरुआ, ताउपो. या कथेत सारे झरे एकाच भूमिगत वाटेवरची ठिकाणे आहेत. कथेने भूशास्त्र सांगितले, असा दावा येथे करण्याचे कारण नाही. परंतु अनेक तोंडांचा एकच साठा ही कल्पना त्या परंपरेत सहज मावते, आणि एका ठिकाणी घेतलेल्या गोष्टीचा परिणाम दुसरीकडे होतो, हे म्हणायला तिच्याकडे भाषा आहे. बाणाने फुटलेल्या एकेकट्या कुंडाच्या कथेत ती भाषा नव्याने घडवावी लागते.

या भाषेची गरज किती खरी आहे, हे ओहाकी येथे दिसले. वायराकेईच्या ईशान्येस असलेले ओहाकीचे मोठे कुंड नगाती ताहू या माओरी समूहाला पवित्र आहे. १९८९ साली सुरू झालेल्या ११६ मेगावॅटच्या केंद्रासाठी विहिरींच्या चाचण्या झाल्या तेव्हाच कुंडाची पातळी खाली गेली. पुढे कुंड भरलेले ठेवण्यासाठी केंद्रातून बाहेर पडणारे गरम पाणी त्यात सोडावे लागले. केंद्राचे उत्पादनही मूळ क्षमतेच्या बरेच खाली आले. कुंडात पाणी होते आणि ते गरमही होते. पण ते खालून आलेले नव्हते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने पातळी राखली गेली. त्या समूहाच्या दृष्टीने काय उरले, हे पातळीच्या आकड्यातून कळत नाही.

याच देशातील रोतोरुआ शहराने उलट दिशेचा पुरावा दिला. घरगुती वापरासाठी खोदलेल्या असंख्य विहिरींमुळे तेथील फवारे मंदावले होते. १९८६ साली शासनाने पोहुतू फवाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आतील विहिरी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर साठ्याचा दाब वाढला आणि काही झरे पुन्हा वाहू लागले. दाब उतरतो तसा चढतोही, फक्त उपसा थांबवण्याचा निर्णय वेळेवर व्हावा लागतो. काही झरे मात्र परतले नाहीत.

८. निष्कर्ष

वाढत्या उत्पादनाला भूतापीय साठा देत असलेले उत्तर दाबाच्या भाषेत असते. उष्णता त्या उत्तरात फार उशिरा बोलते. दाब किती उतरेल हे उपशाच्या वेगावर, कोठे थांबेल हे पुनर्भरणावर, आणि केव्हा कळेल हे मोजणाऱ्यांच्या दक्षतेवर अवलंबून असते. झरे या उताराचे पहिले निदर्शक असतात. वीजकेंद्र पंपांच्या साहाय्याने खालच्या पातळीवरही चालू शकते. झऱ्याला तशी सोय नाही. त्यामुळे ‘साठा टिकाऊ रीतीने वापरला जात आहे’ आणि ‘कुंड आटले आहे’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. टिकाऊपणाची व्याख्या करताना कोणाची पातळी प्रमाण मानायची, वीजकेंद्राची की कुंडाची, हा निर्णय केवळ सूत्रांनी होत नाही.

येथेच साहित्याच्या अभ्यासकांचे काम सुरू होते. उपशापूर्वी साठा कसा होता, हे ठरवण्यासाठी भूतकाळाची नोंद लागते. दाबमापके बसतात ती विहिरी खोदल्यानंतर. त्याआधीची स्थिती प्रवासवर्णनांत, गॅझेटियरांत, स्थलमाहात्म्यांत, मेळ्याच्या गाण्यांत आणि वृद्धांच्या आठवणींत विखुरलेली असते. कोणत्या कुंडात तांदूळ शिजत असे, कोणत्या महिन्यात पाणी चढत असे, कोणता झरा आजोबांच्या काळी होता आणि आता नाही, ही माहिती कथेच्या आधाराने टिकलेली असते. तातापानीच्या परिसरात सरगुजिया, कुडुख आणि हिंदी या भाषांत, कोकणात मराठीच्या बोलींत, लडाखच्या पुगा खोऱ्यात लडाखीत अशी सामग्री आहे. पुगा येथे तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने २०२१ साली स्थानिक प्रशासनाशी करार करून भूतापीय प्रकल्पाचे काम हाती घेतले, म्हणजे तेथे उपशाची वेळ जवळ येत चालली आहे. तातापानीला अजून अवधी आहे.

ही सामग्री गोळा करताना कथेतील विधान आणि निरीक्षण यांची गल्लत होऊ न देणे आवश्यक आहे. दैत्याचे रक्त हा उगमाचा अर्थ आहे. ‘अमुक कुंडात हात घालता येत नाही’ हे तापमानाचे निरीक्षण आहे. दोहोंचे मोल वेगळे आहे आणि दोन्ही नोंदवण्याजोगी आहेत. उन्हवरे, उन्हाळे, तातापानी या नावांत पाणी तप्त असण्याची साक्ष आहे. साठ्याचा दाब उतरून ते पाणी पृष्ठभागापर्यंत येईनासे झाले, तर गावाचे नाव राहील आणि त्याचा अर्थ विहिरीच्या तळाशी शोधावा लागेल. उत्पादनाचा पहिला टप्पा ठरवण्याआधी झऱ्यांची पातळी, तापमान आणि त्यांची नावे यांची एकत्र नोंद व्हावी, एवढी मागणी तौलनिक साहित्याच्या बाजूने करणे उचित ठरेल.